चपला बाहेर होत्या का?

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. सासरे मान खाली घालून भात कालवत होते. कालवता कालवता त्यांचा हात थांबला आणि त्यांनी सासूबाईंना विचारलं, "त्या दिवशी माझ्या चपला बाहेर होत्या का गं?"

"आठवत नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "जेवा तुम्ही."

नवऱ्याने पाण्याचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं आणि सासरे पुन्हा जेवायला लागले. कोणी कोणाकडे बघितलं नाही. मला वाटलं, चपला चोरीला गेल्या असतील. नव्या नवरीला तोंड उघडायची सोय नव्हती, पण हात धुतल्यावर मी हळूच दाराबाहेर डोकावून आले. चपला जागच्या जागी होत्या, एकीवर एक चढलेल्या. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र मी गुपचूप माहेरी फोन लावला आणि आईला सांगितलं की माझ्या सासऱ्यांचा एक स्क्रू ढिला दिसतोय. आई म्हणाली, "तुझ्या वडिलांचे किती ढिले आहेत ते कधी बघितलंस का? गप नांदायला लाग."

नांदायला लागले. सासरे धंद्याने चावीवाले. चौकातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची टपरी होती. ताठ उभं राहिलं तर डोक्याला पायरी लागेल एवढीच. खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्यांचे झुपके, दोन-तीन कानशी, चाव्या कापायचं छोटं यंत्र आणि बसायला एक उलटा डबा. त्यांच्या बोटांना पितळेचा वास यायचा, तो कुठल्याही साबणाने गेला नाही. आजूबाजूच्या निम्म्या घरांच्या चाव्या त्यांच्या हातच्या. आणि त्यांच्या स्वतःच्या घराला कुलूप नव्हतं. म्हणजे कधीकाळी होतं. त्या जागी आता दाराला एक भोक होतं आणि त्यात चिंधी कोंबलेली होती. आतली कडीसुद्धा काढून टाकली होती. दिवसभर दार नुसतं लोटलेलं असायचं. रात्री सासूबाई आतून बाकडं लावायच्या, तेही सासरे झोपले याची खात्री झाल्यावर.

गल्लीला फुकटची करमणूक झाली होती. आमच्याकडे चोर आला तर तोच ओशाळून परत जाईल, असं लोक म्हणायचे. चोर नाही आला, पण कुत्रं येऊन दुधाचं पातेलं चाटून गेलं. एकदा तर मिक्सर विकणारा एक माणूस थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी नुकतीच न्हाऊन, डोक्याला टॉवेल गुंडाळून, चहा करत होते. मी त्याला झारा दाखवला. मिक्सर तिथेच टाकून तो पळाला आणि मग संध्याकाळी खालून हाका मारत बसला.

"बाबा, निदान कडी तरी बसवू या," मी त्या दिवशी म्हणाले.

"नको," सासरे म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. तो त्यांनी माझ्यावर कधीच चढवला नाही. पण त्या 'नको'पुढे काही बोलायला जागाच नव्हती.

हे सगळं काय आहे ते मला कळलं मी गरोदर असताना. सासूबाईंनी सांगितलं, तेही गच्चीवर कपडे वाळत घालताना. कपडे वाळत घालताना एकमेकींचं तोंड दिसत नाही, म्हणून अवघड बोलणी त्या नेहमी तिथेच उरकतात.

सासऱ्यांना एक मोठा भाऊ होता. सासरे त्यांना दादा म्हणायचे, सासूबाई भावोजी आणि माझा नवरा मोठे काका. मीही त्यांना मोठे काकाच म्हणते, पाहिलेलं नसलं तरी. त्यांनी लग्न केलं नाही. आई-वडील लवकर गेले तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं, धंदा शिकवला, लग्न लावून दिलं आणि याच घरात राहिले. चावीवाल्याच्या हातात सगळ्यांची दारं असतात, म्हणून मोठ्या काकांचा एक नियम होता. घरातल्या माणसाने समोर उभं राहून सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. शेजारी सांगत असला तरी नाही, कितीही घाई असली तरी नाही. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे. मोठे काका पायरीवर बसून राहायचे, घरातलं कोणी येईपर्यंत.

पुढे त्यांची नजर अधू झाली. त्यांच्या हातच्या चाव्या कुलपात जायच्या, पण फिरायच्या नाहीत. गिऱ्हाइकं परत यायची. सासरे त्या चाव्या भावाच्या नकळत घासून नीट करून द्यायचे. मग एक दिवस टपरीवर गर्दी असताना एक बाई तीच चावी पुन्हा घेऊन आली आणि आरडाओरडा करायला लागली. सासऱ्यांच्या तोंडून निघून गेलं, "दादा, तू आता घरी बस. होतं नव्हतं ते नाव घालवशील." चारचौघांत. मोठ्या काकांनी कानस खाली ठेवली आणि ते उठले. संध्याकाळी घरी शब्दाला शब्द लागला. कोणी कोणाला वाढवलं, कोण कोणाच्या जिवावर उभं राहिलं, सगळं निघालं. शेवटी सासरे म्हणाले, "मग राहू नकोस इथे." मोठे काका पिशवीत दोन कपडे भरून शेजारच्या गावी एका जुन्या मित्राकडे निघून गेले. घराची चावी त्यांच्या खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी रागाच्या भरात कुलूप बदललं.

"बदललं म्हणजे बाहेरून तेच," सासूबाई चादर झटकत म्हणाल्या. "आतलं फक्त बदललं. जुनी चावी आत जायची, फिरायची नाही. मी म्हटलं, अहो, कशाला हे? तर म्हणाले, येऊ दे त्याला, दार वाजवू दे, माझ्या तोंडाकडे बघून बोलू दे. मग उघडतो."

काही दिवसांनी एका दुपारी सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या आणि मुलगा शाळेत होता. सासरे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. सासूबाई नव्या चावीने दार उघडून घरात आल्या तेव्हाही ते पडलेलेच होते. थोड्या वेळाने उठले ते थेट दारापाशी गेले आणि उकिडवे बसून कुलपाच्या तोंडावरून बोट फिरवायला लागले. तिथे ताजे ओरखडे होते. "दादा येऊन गेला," ते म्हणाले. "जुनी चावी लावून बघितली त्याने."

"मग लगेच जायचं ना मित्राकडे!" मी म्हटलं. मला दुसऱ्याच्या चुकांवर चटकन उपाय सुचतात.

"जाणारच होते. उद्या जातो, म्हणायचे. पुरुषाचा उद्या केवढा मोठा असतो ते तुला कळेल हळूहळू." सासूबाईंनी चिमटा लावला. "मग मित्राचाच निरोप आला. झोपेत गेले भावोजी. दिवस झाल्यावर तो मित्र भेटायला आला, तेव्हा सहज म्हणाला, मध्ये एकदा घरी जाऊन आला होता तो, त्याच दिवशी परत आला. मी विचारलं त्याला, का रे आलास? तर म्हणाला, घरी कोणी नव्हतं."

घरी कोणी नव्हतं. या वाक्याने सासऱ्यांना जे धरलं ते सोडलंच नाही. दादाला खरंच तसं वाटलं का? की दाराबाहेर चपला बघून त्याला कळलं की धाकटा आत आहे, आणि भावाने मुद्दाम दार उघडलं नाही हे मनात घेऊन तो परत गेला? सासरे झोपले होते, पण ते दादाला कसं कळणार? संध्याकाळी चपला आत होत्या, एवढं सासऱ्यांना आठवत होतं. त्या त्यांनी स्वतः दुपारी आत काढल्या होत्या की सासूबाईंनी आल्यावर आत घेतल्या, ते काही केल्या आठवत नव्हतं. म्हणून रोज तो प्रश्न. त्यांनी कुलूपही त्याच महिन्यात उखडून टाकलं. पुन्हा कोणी परत जायला नको म्हणून.

"आणि तुम्हाला खरंच आठवत नाही?" मी विचारलं.

"मला कुठलं आठवतंय," सासूबाई म्हणाल्या आणि रिकामी बादली उचलून खाली गेल्या.

माणूस कशालाही सरावतो. चपलांच्या प्रश्नाला मीही सरावले. लोणच्याची फोड वाढावी तसं सासूबाई ते 'आठवत नाही' वाढायच्या आणि आम्ही पुढे जेवायचो. पण त्यांच्या दुपारांना मी कधी सरावले नाही. जेवणानंतर सासरे कधी आडवे व्हायचे नाहीत. दारासमोर खुर्ची टाकून बसायचे, मान किंचित कलती करून. मध्येच उठायचे, दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघायचे, दार लोटून परत बसायचे. एरवी हसता-बोलता माणूस. माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती झोपेतसुद्धा एका जागी राहत नसे. तिला ते वाया गेलेल्या चाव्यांच्या माळा करून द्यायचे, तिच्यासाठी घोडा व्हायचे. दुपारी मात्र ती त्यांच्या गुडघ्याला लोंबकळली तरी त्यांना पत्ता नसायचा. शरीर खुर्चीत आणि माणूस कुठेतरी दुसरीकडे.

एका दुपारी मी तिथेच बसून कपड्यांच्या घड्या करत होते. बाबांनी एकदम बोट वर केलं.

"ऐकलंस?"

"काय, बाबा?"

"आत घातली. आता फिरवतोय." त्यांचा आवाज अगदी साधा होता, बस आली हे सांगावं तसा. "थांबला. आता परत फिरवेल बघ."

माझ्या हातातला सदरा हातातच राहिला. पंखा कुरकुरत होता, खाली कोणीतरी सायकल लावत होतं. आणि त्याखाली, खरं सांगते, मलाही काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं. मी दाराकडे बघितलं. दाराला तर कुलूपच नव्हतं. चिंधी कोंबलेलं भोक होतं. मी घड्या टाकून आत निघून गेले आणि भिंगरीला उगाचच झोपेतून उठवून मांडीवर घेऊन बसले.

भिंगरी चालायला लागल्यावर मी औषधांच्या दुकानात नोकरी धरली. दिवसभर मुलगी आजी-आजोबांपाशी. माझ्या जिवाला एवढीच धास्ती होती की पोर दार ओढायला शिकली तर? मी नवऱ्याला म्हणाले, नवरा म्हणाला, बाबा समोरच तर बसलेले असतात. बरोबर होतं. दुपारभर दाराकडे बघत बसणारा असा राखणदार कोणाच्या घरी असतो?

त्या दुपारी सासूबाईंचं डोकं दुखत होतं म्हणून त्या आत पडल्या होत्या. मी दुकानात होते. पावणेतीनच्या सुमारास चौकातला पंक्चरवाला दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्याच्या कडेवर भिंगरी होती. अनवाणी, गालावर काळं ग्रीस, हातात चाव्यांची माळ.

"ताई, ही तुमचीच ना?" तो म्हणाला. "रस्त्याच्या मधोमध उभी होती. ट्रकवाल्याने कसा ब्रेक मारला त्याचं त्यालाच ठाऊक. तो पण तिकडे बसलाय डोकं धरून."

मी घरी कशी पोचले ते मला आठवत नाही. दार सताड उघडं होतं. सासरे खुर्चीत बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपले नव्हते. गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा!" मी ओरडले. "ही कुठे होती माहीत आहे?"

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग उघड्या दाराकडे. आणि मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, तो मी बघितला.

"दार उघडलं," ते म्हणाले. "आपोआप उघडलं. मला वाटलं दादा आला. मला त्याच्याकडे बघवेना गं. मी डोळे मिटून घेतले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे सगळं लिहीत नाही. मेलेल्या भावासाठी दार उघडं ठेवलंत आणि जिवंत नातीला त्यातून घालवायला निघालात, हे बोलले, ते मात्र लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. उद्या या दाराला कुलूप लागलं नाही तर मी मुलीला घेऊन माहेरी जाईन, हेही बोलले, आणि ते खरं होतं. मी पिशवी काढून भरायलाही घेतली. संध्याकाळी नवरा आला, त्याने पिशवी बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि खाली बसला. "मी तुला अडवणार नाही," तो म्हणाला. सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. सासूबाईंनी रोजच्यासारखं ताट वाढलं आणि झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही, नवराही घरीच थांबला. दुपारी पानं घेतली. सासरे येऊन बसले. भात कालवायला लागले. हात थांबला. मी मनात म्हटलं, आज नका विचारू बाबा, आज विचारलंत तर मी ताट भिरकावून देईन.

"त्या दिवशी माझ्या..." ते म्हणाले.

"होत्या," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी प्रश्न पुरा होऊच दिला नाही. हातातला डाव पातेल्यात ठेवला आणि त्या सासऱ्यांकडे सरळ बघत म्हणाल्या, "बाहेर होत्या चपला. एक इकडे, एक तिकडे. भावोजींना दिसलं नसेल, पण पायाला लागल्या असणार. अडखळले असतील. मी आले तेव्हा विखुरलेल्या होत्या. मी उचलून आत ठेवल्या."

सासऱ्यांनी कालवलेला घास ताटात परत ठेवला. "इतकी वर्षं सांगितलं नाहीस."

"वाटायचं, कळलं तर तुम्ही जगणार नाही. कळलं नाही तर निदान दोन घास जेवता तरी. पण काल पोर गेली असती. आता मला नाही जमत."

"मी जागा होतो," सासरे म्हणाले.

आम्हाला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

"त्या दुपारी. मी झोपलो नव्हतो. पहिल्या आवाजालाच मला कळलं, दादा आहे." ते हळूहळू बोलत होते, एकेक शब्द कुठून तरी ओढून काढल्यासारखा. "त्यालाही पहिल्या फेरीतच कळलं असणार की आतलं बदललंय. त्यानेच शिकवलं मला ते. अधू डोळ्यांनी, नुसत्या तारेने उघडलं असतं त्याने. नाही उघडलं. त्याचा नियम होता ना. पण चावी फिरवत राहिला. न लागणारी चावी दादा कशाला फिरवत बसेल? मला ऐकू यावी म्हणून. आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो. म्हणत होतो, वाजव. हात आहे ना, वाजव दार, मग उठतो. मग चावी थांबली. तो जिना उतरताना त्याचा हात कठड्यावरून घासत गेला, खालपर्यंत. त्याला पायऱ्या दिसायच्या नाहीत. मला माहीत होतं त्याला दिसत नाहीत."

इतकी वर्षं हा माणूस दुपारी दारासमोर बसून काय ऐकत होता, ते मला तेव्हा कळलं. आणि कालचा राग माझा गेला होता का? नाही, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं आणि मला रडू यायला लागलं.

सासूबाई रडल्या नाहीत. त्या उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या, इतक्या जवळ मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"वाईट केलंत," त्या म्हणाल्या. "फार वाईट केलंत. मी नाही म्हणणार नाही. तुम्ही नुसते खोकला असतात तरी ते थांबले असते. आणि त्यांनी एकदा दार वाजवलं असतं तर तुम्ही उठला असतात. दोघांनी नाही केलं. एका आईची लेकरं तुम्ही, हट्टाला कोण कमी? पण एक सांगते ते ऐका. चपला पायाला लागल्या, तुम्ही आत आहात हे त्यांना कळलं. आणि मित्राला काय सांगितलं त्यांनी? भावाने दार उघडलं नाही, असं सांगितलं? घरी कोणी नव्हतं म्हणाले. तुमची लाज राखली त्यांनी, शेवटपर्यंत राखली. आणि तुम्ही काय करताय? रोज दुपारी ती चव्हाट्यावर मांडताय. त्यांनी झाकलं ते झाकलेलं राहू द्या ना. त्यांचं एवढं तरी ऐका आता."

सासरे रडले. मोठ्याने, लहान पोरासारखे, भाताचा हात तसाच ठेवून. भिंगरी घाबरली आणि तीही रडायला लागली. मग सासूबाई म्हणाल्या की आता सगळे मिळून रडलात तर भात गार होईल. कोणीतरी हसलं, बहुतेक मीच.

जेवण झाल्यावर सासरे टपरीवर गेले आणि तासाभराने पिशवी घेऊन परत आले. पिशवीत नवं कुलूप होतं, पटाशी होती, स्क्रू होते. दारापाशी उकिडवे बसले. चिंधी बोटाने काढली. भोकातून जिन्यातला उजेड आत आला. तेवढं करून ते तसेच बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. मला वाटलं, आता उठणार आणि चिंधी परत कोंबणार. माझी पिशवी अजून खाटेखाली तशीच भरलेली होती आणि मला जायचं नव्हतं.

"तू ये इकडे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी गेले. समोर उभी राहिले.

"घरातल्या माणसाने सांगावं लागतं," ते म्हणाले. "मला माझं सांगता येत नाही. तू सांग."

मी सांगितलं. "बाबा, आमच्या दाराला कुलूप बसवून द्या."

त्यांनी मान हलवली आणि पटाशी उचलली. लाकूड जुनं होतं, कडा झिजल्या होत्या. कुलूप नीट बसेना. त्यांनी पट्टी ठोकली, पुन्हा माप घेतलं, पुन्हा बसवलं. भिंगरीचा हात पोचणार नाही इतकी वर एक कडीही लावली. मग आम्हा तिघांच्या हातात एकेक चावी दिली आणि प्रत्येकाला बाहेर उभं करून ती फिरवून बघायला लावली. संध्याकाळी मी खाटेखालची पिशवी रिकामी केली. ते कोणी बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर जेवताना चपलांचा प्रश्न आला नाही. पहिले काही दिवस त्यांचा हात भातात थांबायचा आणि आम्ही तिघं श्वास धरून बसायचो. मग ते मीठ मागायचे. पण दुपारी खुर्ची दारासमोर यायचीच. लावलेल्या कुलपाकडे बघत ते बसायचे, आणि मला वाटायचं की कुलूप नव्हतं ते बरं होतं; तेव्हा निदान उठून बघता तरी यायचं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी भांडी विसळत होते. घरातले सगळे झोपले होते. बाबा खुर्चीत होते. मला स्वयंपाकघरातून त्यांची पाठ दिसत होती. त्यांची मान कलती झाली. मी नळ बंद केला.

ते उठले. दारापाशी गेले. मला वाटलं कुलूप उघडणार. त्यांनी कुलपाला हात लावला नाही. दारावर तळहात टेकला, पाठीवर ठेवावा तसा, आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "दादा, मी घरात आहे. दार वाजव."

ते थांबले. कपाळ दाराला लागेल इतके जवळ उभे राहून त्यांनी वाट बघितली. मीही बघितली. बाहेर जिन्यात कोणी नव्हतं, असणार नव्हतं, हे मला कळत होतं, तरी माझ्या अंगावर काटा होता. काहीही वाजलं नाही.

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांनी खुर्ची उचलून टेबलापाशी तिच्या जागी नेऊन ठेवली आणि ते आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. थोड्या वेळाने त्यांच्या घोरण्याचा आवाज यायला लागला. मी मात्र ओलं भांडं हातात धरून तिथेच उभी होते, दाराकडे कान लावून.